गढूळ पाण्याचा कौल

एकदा एक वृद्ध गुरू बर्फाच्या डोंगरांखाली, एका नदीकाठच्या गावात राहत असत. गुरू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाढी, कमंडलू आणि व्याघ्रासन उभे राहते. यांच्यापाशी त्यातले काहीच नव्हते. एक लोकरीची टोपी होती, जुनी गुडघेदुखी होती आणि वेतासारखी लवणारी एक लांब गळकाठी होती. ते ब्रह्मविद्या शिकवीत नसत, मासे धरायला शिकवीत. शाकाहारी वाचकांनी बिचकू नये. या कथेत कोणी मासा खात नाही.

त्या नदीत ट्राउट नावाचा मासा असे. साहेबाच्या अमदानीत कोणीतरी आणून सोडलेला, थंड पाण्यातच जगणारा, अंगावर ठिपके असलेला हा मासा स्वभावाने भारी संशयी. कणकेच्या गोळीला तो विचारीत नाही. त्याला पाण्यावरचे किडे लागतात. म्हणून गळाभोवती कोंबड्याची पिसे आणि दोरा गुंडाळून खोटा किडा बनवायचा आणि लांब दोरीने तो अलगद पाण्यावर ठेवायचा. मासा फसला तर फसला. बहुधा तो फसत नाही, आणि माणूसच दिवसभर उभा राहून घरी जातो.

वसंत म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहर आणि कोकिळा आठवते. तिकडे वसंत म्हणजे चिखल. रात्री गोठलेले बर्फ सकाळपर्यंत धरून राहते, तेव्हा नदी निवळ असते, पण इतकी गार की मासा तळाशी निपचित पडलेला. दुपारी उन्हाने मासा जागा होतो, तर त्याच उन्हाने डोंगरावरचे बर्फ सुटते आणि नदी चहासारखी होऊन फुगते. या दोहोंच्या मधला सुमुहूर्त कधी येतो, कधी येतच नाही.

त्यामुळे गावात एक रीत पडली होती. रोज सकाळी जाणत्या माणसाने पुलाच्या मधोमध उभे राहून नदी पाहायची आणि आज गळ टाकावा की नाही ते सांगायचे. याला लोक नदीचा कौल म्हणत. कौलाविरुद्ध कोणी पाण्यात दोरी सोडत नसे. गावच्या सराईमध्ये उतरलेले परगावचे हौशी पाहुणेही नाही. कैक वर्षे हा कौल गुरूच देत. गुडघे पूल चढू देईनात तेव्हा त्यांनी ते काम आपल्या शिष्यावर सोपवले.

शिष्य हुशार होता आणि मन लावून काम करणारा होता. पाणी किती गार ते पाहायला तो पाऱ्याची नळी दोरीला बांधून पाण्यात सोडी. पांढरी थाळी बुडवून ती किती खोलवर दिसते ते पाही. गवताची काडी टाकून धारेचा वेग पाही. मग कपाळाला आठी घालून तो कौल सांगे. दहांतल्या नऊ वेळा तो कौल ‘आज नको’ असाच असे. त्याचा कौल कधी चुकत नाही अशी त्याची ख्याती झाली, आणि खरे सांगायचे तर त्याला ती गोड लागू लागली होती.

अशा एका वसंतात देशावरून एक व्यापारी आला. गुळाच्या पेठेत उभा जन्म काढलेला, जाडजूड, बोलका माणूस. सोबत त्याचा पुतण्या होता. व्यापाऱ्याच्या डोळ्यांत काचबिंदू होता. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याला पुढचा वसंत दिसेल की नाही याची वैद्यांनी हमी दिली नव्हती.

“तरणा होतो तेव्हा एकदा इकडनं गेलो होतो बघा,” त्याने पहिल्याच दिवशी शिष्याला सांगितले. “पुलावरनं जाताना खाली एक मासा उडाला. उन्हात असा काही चमकला! म्हटलं, एक दिवस ह्याला हातात धरून नीट बघायचा. मग धंदा, पोरंबाळं, दुखणी. राहूनच गेलं. आता डोळं आहेत तवर तेवढं करा मास्तर. एकच मासा. बघीन आणि सोडून देईन.”

शिष्याला त्याची खरोखर कणव आली. त्या दिवसापासून तो पुलावर जास्तच वेळ उभा राहू लागला. पण पाणी फार गार होते. तो म्हणाला, “आज नको.” दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाने वारा सुटला होता, दोरी हवी तिथे पडली नसती. “आज नको.” मग एक दिवस पाणी निवळले, वाराही पडला, पण ऊन इतके लख्ख की माणसाची सावलीच माशाला पळवून लावील. “आज नको, शेठ. उद्या बघू.” व्यापारी पेठेतला माणूस, जाणत्याच्या शब्दाला मान द्यायची त्याला सवय. तो रोज “बरं, तुम्ही म्हणाल तसं” म्हणे आणि सराईच्या ओसरीवर मांडीवर गळकाठी ठेवून बसून राही.

त्यानंतर उबदार वारे वाहू लागले, डोंगरावरचे बर्फ सुटले आणि नदी गढुळली ती निवळायचे नावच घेईना. पुतण्याने परतीची गाडी ठरवून टाकली. निघायच्या आदल्या सकाळी शिष्याने पांढरी थाळी बुडवली, ती मनगट बुडेल एवढ्या पाण्यातच दिसेनाशी झाली. तो सराईवर आला आणि त्याने खालमानेने सांगितले, “शेठजी, वाईट वाटतं. पण आज तर मुळीच नको.”

व्यापाऱ्याने मांडीवरची काठी जवळ ओढली. मग म्हणाला, “ठीक आहे. तुमचा काय दोष? माझंच नशीब.” आणि तो काठीची दोरी गुंडाळू लागला. त्याला दोरीचे टोक दिसत नव्हते, ते तो बोटांनी चाचपत होता.

दुपारी गुरू काठी टेकीत सराईवर आले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, “चला शेठ, नदीवर जाऊ.”

ओसरीवरचे पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. ज्यांनी ही रीत सांभाळली तेच कौल मोडायला निघाले होते. शिष्य धावत मागे गेला, आणि त्याच्यामागून पाहुणेही. पुढे जे झाले ते आणखी चमत्कारिक होते. गुरूंनी डबीतून एक काळाकुट्ट, झुरळाएवढा खोटा किडा काढून गळाच्या दोरीला बांधला. असले धूड त्या नदीवर कोणी वापरत नसे. मग ते नदीजवळ गेलेच नाहीत. काठापासून चांगले दूर, कुरणातच त्यांनी व्यापाऱ्याला उभे केले आणि दोरी टाकायला लावली. सगळी दोरी गवतावर पडली. शेवटचा हातभर तुकडा आणि तो काळा किडा तेवढा काठाशी, गवताच्या मुळांजवळ पाण्यात टेकला.

“गुरुजी आता गवतात मासे धरणार!” मागून कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. शिष्याचे कान तापले. आपल्या गुरूंना वार्धक्याने घेरले, असे त्याला वाटले आणि त्याचे त्याला दुःखही झाले.

बराच वेळ काही घडले नाही. गुरूंनी व्यापाऱ्याला थोडे पुढे नेले. तिथेही काही नाही. तेव्हा ते एका धोंड्यावर बसले, गुडघा चोळू लागले आणि शिष्याला म्हणाले, “मी दोन्हीकडे चुकलो. आता पुढची जागा तू सांग.”

“मी?” शिष्य म्हणाला. “गुरुजी, मी सकाळीच सांगितलं. आज नदी चांगली नाही.”

“नदी वाईट आहे हे तर पलीकडच्या म्हशीलाही दिसतंय. मी जागा विचारतोय.”

शिष्याने मागे हसणाऱ्यांकडे एकदा पाहिले. मग धीर करून म्हणाला, “माझं एखादं निदान खोटं ठरलं का आजवर? मग आज माझा कौल का मोडलात?”

गुरूंनी त्याला शेजारी बसायची खूण केली. “तू एक शब्दही खोटा बोलला नाहीस. पाणी गार होतं तेव्हा गार म्हणालास, गढूळ होतं तेव्हा गढूळ. पण अरे, पुलाच्या मध्यावरून दिसतो तो नदीचा मध्य. मधल्या धारेत आज मासा कशाला थांबेल? बाजारातून हत्ती निघाला की माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर चढतात. तसा तो काठाला आलाय, गवताला टेकून उभा आहे. जवळ जाऊन पाय वाजवला की पळाला, म्हणून लांब उभं राहायचं. गढुळात बारीक किडा दिसत नाही, म्हणून मोठा आणि काळा. पाणी गढुळलं म्हणजे तुला दिसायचं थांबतं, त्याची भूक थांबत नाही.”

“मग हे आधी का नाही शिकवलंत?”

“शिकवलं होतं. पहिल्याच वर्षी. तेव्हा तू दिवसभर पाण्यात असायचास, दहा ठिकाणी चुकायचास. तुझ्या हाती कौल दिला आणि तुझं चुकणं बंद झालं. मला वाटलं, पोरगा तयार झाला. नंतर लक्षात आलं. ‘आज नको’ म्हणणाऱ्याला नदी कधीच खोटं पाडू शकत नाही, कारण तो तिला विचारतच नाही. तू नदी राखत नव्हतास रे, आपलं नाव राखत होतास. आणि त्याची किंमत हा माणूस देतोय. त्याच्याजवळ वेळ नाही.”

शिष्याला हे लागले. त्याने व्यापाऱ्याकडे पाहिले. तो कुरणात उभा राहून, कोणी काही सांगेल म्हणून, आवाजाच्या दिशेने मान वळवून वाट पाहत होता.

शिष्य उठला. कौल हाती आल्यापासून नदीकडे त्याने प्रथमच काठाकाठाने पाहिले. खालच्या अंगाला एक वाळुंजाचे झाड पाण्यावर वाकले होते आणि त्याच्या आडोशाला पाणी संथ फिरत होते. त्याने व्यापाऱ्याचा हात धरला, त्याला तिथे नेले आणि दोरी टाकायला लावली. एकदा टाकली, पुन्हा टाकली. पाणी नुसते फिरत राहिले. पाहुण्यांतले दोघेतिघे हसले. एक जण मोठ्याने म्हणाला, “मास्तरांचा कौल आज फसला!”

हे वाक्य ऐकायची वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून आपण काय काय केले, हे शिष्याला त्या क्षणी दिसले. आश्चर्य असे की ते ऐकूनही तो जिवंत होता. धोंड्यावरून गुरूंनी विचारले, “काय झालं?”

“चुकलो,” शिष्य ओरडून म्हणाला.

“उत्तम. आता पुढे जा.”

तो पुढे गेला. काठाची माती ढासळून तिथे एक लहानशी खोबण झाली होती, परातीएवढी. तीत फेस साचून राहिला होता. त्याने व्यापाऱ्याला गवतात गुडघ्यांवर बसवले. “सरळ समोर, शेठ. हळू. दोरी गवतावर पडू द्या.” काळा किडा फेसाच्या कडेला टेकला. एवढ्यात पाणी आतून उचलल्यासारखे झाले आणि काठी धनुष्यासारखी वाकली.

“आयला!” व्यापारी म्हणाला. आयुष्यात त्याने एवढी सात्त्विक शिवी कधी दिली नसेल. त्याला मासा दिसत नव्हता, पण हातांना सगळे कळत होते. मासा धारेकडे धावला तेव्हा शिष्याने “सोडा, सोडा, ओढू नका” म्हटले. मासा थकला तेव्हा “आता घ्या” म्हटले. अखेर शिष्य ढोपरभर पाण्यात उतरला, त्याने हात ओले करून मासा धरला आणि काठाशी वाकलेल्या व्यापाऱ्याच्या तळहातांवर ठेवला.

व्यापाऱ्याने तो अगदी नाकाशी नेला. पाण्यात बुडवायचा, पुन्हा वर घेऊन बघायचा, असे त्याने चालवले. पिवळसर पोट, तपकिरी पाठ, कुशीवर ठिपके. “लाल ठिपक्याभोवती निळं कडं आहे हो,” तो म्हणाला. “हे मला ठाऊकच नव्हतं. पुलावरनं काय दिसणार!” त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि मग त्याला स्वतःचाच भयंकर राग आला, कारण त्या पाण्याने मासा पुन्हा धूसर दिसू लागला. हात गुंतलेले होते. शिष्याने आपल्या बाहीने त्याचे डोळे पुसले. मग त्याने पुन्हा पाहिले, पोटभर पाहिले, आणि हात पाण्यात सैल सोडले. मासा क्षणभर तळहातांतच थांबला आणि गेला.

मागचे पाहुणे हसायचे विसरले होते. दोघे तर गळकाठ्या आणायला सराईकडे पळाले. दूर धोंड्यावर गुरू गुडघा चोळीत बसले होते. त्यांनी उठायची काही घाई केली नाही.

व्यापारी बराच वेळ ओल्या गवतात बसून राहिला. शेवटी म्हणाला, “झालं मास्तर. माझं काम झालं. चला, जाऊ या.”

शिष्याने आकाशाकडे पाहिले. मग तो म्हणाला, “शेठ, अजून उजेड आहे. तिकडे वळणापाशी आणखी एकदा टाकून बघू.”

“तिथं लागंल?”

“ठाऊक नाही,” शिष्य म्हणाला, आणि व्यापाऱ्याचा हात धरून वळणाकडे निघाला.