गाडीचं अंगण

फार जुनी गोष्ट. एका फिरत्या लोहाराचं बिऱ्हाड ज्या बैलगाडीत राही, तिच्या चाकांना जोडणारा आस झिजला होता. "नवा चांगला लांब हवा, म्हणजे मी रुंद होईन," गाडी हटूनच बसली. "घर कसं ऐसपैस असावं!"

"बाई, आधी खिंड बघ," म्हातारा बैल पवळ्या म्हणाला आणि तिला ओढत घाटमाथ्यावर घेऊन गेला.

खिंडीच्या काळ्या कातळात हातभर खोल दोन चाकोऱ्या होत्या.

"या कुणी कोरल्या?"

"कुणीच नाही. आपल्यासारखी बिऱ्हाडं जात राहिली."

गाडीची चाकं अलगद त्या चाकोऱ्यांत बसली; आस बोटभर लांब असता तरी बसली नसती. खिंड सरली, आणि समोर दरी, रानं, पार टोकाला लखलखता समुद्र!

गाडी हळूच म्हणाली, "पवळ्या, मालकाला सांग, जुन्याच मापाचा आस बसव. अंगण केवढं मोठं आहे रे आपलं!"