हवेचा फोर्क आणि पोलादी स्प्रिंग

एकदा एका घाटमाथ्यावरच्या गावात एक वृद्ध कारागीर राहत होता. डोंगरवाटांवर चालवायच्या सायकली दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याच्या हाताखाली गोरक्ष नावाचा शिष्य होता. वय तिशीचं, हात चलाख आणि जीभ हातापेक्षाही चलाख. आपलीही चूक होऊ शकते, या शक्यतेचा त्याने अद्याप गांभीर्याने विचार केलेला नव्हता. आपण तरी कुठे करतो म्हणा!

त्याच गावच्या आरोग्य उपकेंद्रात वैजयंता नावाची परिचारिका होती. दर गुरुवारी लशीची पेटी पाठीवर घेऊन ती सायकलने दरीतल्या चार वाड्यांवर जाई. वाट दगडगोट्यांची, जीपला न मानवणारी. चार महिन्यांपूर्वी याच उतारावर ती पडली आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी हात बरा असल्याचं सांगितलं. पण उतार लागला की तळवे बधिर होत, बोटं थरथरत, आणि ती खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागे. एका गुरुवारी पोचायला इतका उशीर झाला की बायका वाट पाहून लेकरांसह परत गेलेल्या. त्या दिवशी तिने बदलीचा अर्ज लिहिला. फक्त तो साहेबांच्या हाती द्यायचा बाकी होता.

अर्ज देण्याआधी एक शेवटचा प्रयत्न म्हणून ती उस्तादांकडे आली.

गोरक्षने पुढच्या चाकाचा फोर्क दाबून पाहिला. चाकाला धरणारे हे दोन पाय. त्यांच्यात कोंडलेली हवा दबते आणि धक्के गिळते. पण हा फोर्क तसूभरही हलेना.

"सिस्टर, पुन्हा हवा ठासून भरलीत ना? तीनदा कमी करून दिली मी! असा दगड केल्यावर हात बधिर होणार नाहीत तर काय?"

"कळतं रे मला," ती म्हणाली. "पण त्या दिवशी चाक दगडावरून खाली आलं, फोर्क पूर्ण दबून तळाला आपटला आणि मी हँडलवरून पुढे फेकले गेले. आता निघताना वाटतं, अजून थोडी भरू, अजून थोडी. पंप आपोआप हातात येतो. खरं सांगू? हाच हात मला दगा देतो. यानेच मला पाडलं."

उस्ताद इतका वेळ चिंधीला हात पुसत ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "ताई, गुरुवारी निघता तशाच उद्या या. पूर्ण तयारीनिशी."

दुसऱ्या दिवशी ती आली. नेहमीप्रमाणे लशीची पेटी आणि औषधांची पिशवी तिने समोरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर ठेवली आणि मगच आत शिरली. लशीला वंगणाचा हात लागू नये, हा तिचा नेम होता. उस्तादांनी तिला दारातच थांबवलं.

"ते सगळं पाठीवर चढवा. आम्ही बोटही लावणार नाही. आणि या काट्यावर उभ्या राहा."

शेजारच्या वाण्याकडून धान्याचा काटा आणलेला होता. ती हसत उभी राहिली. आकडा गोरक्षने वाचला, "त्रेसष्ट किलो," आणि त्याचा चेहरा पडला. सायकल नवी असताना फोर्कात हवा त्यानेच मोजून भरली होती. तिच्या एकटीच्या बावन्न किलोच्या हिशेबाने. त्या दिवशीही ओझं बाकड्यावरच होतं आणि त्याने बाहेर मान वळवून पाहिलं नव्हतं.

वैजयंताला उस्तादांनी चहा प्यायला पाठवलं, फोर्क उघडला, आतली हवेची नळी आणि तिचा दट्ट्या काढून बाजूला ठेवला, आणि त्या जागी एक लांब पोलादी स्प्रिंग बसवू लागले. गोरक्षला राहवेना.

"उस्ताद, हे काय करताय? एवढा महागडा, हलका फोर्क! लोक सायकलचं वजन कमी करायला धडपडतात आणि तुम्ही लोखंड भरताय? त्रेसष्टच्या हिशेबाने हवा भरली की झालं काम!"

"फोर्काचं काम झालं असतं," उस्ताद म्हणाले. "तिचं झालं नसतं. तू तीनदा योग्य हवा भरलीस असं तुला वाटलं, तिने तीनदा पंप मारला. तिला कळत नव्हतं का? कळत होतं. पण कळलं म्हणून घाबरलेला हात थांबत नाही, बाबा. भीतीला रोज काहीतरी करायला लागतं आणि इथे तिला पंप सापडला होता. हवेची सोय चांगलीच आहे. ज्याचं मन स्थिर आहे त्याने खुशाल कमीजास्त करावी. हिला आज एकदा नीट मोजलेलं आणि रोज उठून बदलता न येणारं काहीतरी हवंय. त्यासाठी अर्धा किलो जास्त गेलं तर जाऊ दे. ही स्प्रिंग त्रेसष्टची आहे. पण तिच्या मनातला 'यानेच मला पाडलं' हा काटा मला काढता येणार नाही. काट्यावरचा आकडा मी नाही, तू वाचलास. तो काटा तूच काढू शकतोस."

गोरक्ष रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर गेला.

"सिस्टर, एक सांगायचंय. तुमच्या हाताने तुम्हाला पाडलं नाही. मी पाडलं. ओझं न धरता हवा भरली होती मी. फोर्क तळाला आपटणारच होता."

वैजयंताने पेला खाली ठेवला. आधी तिचे डोळे भरून आले, मग ती चक्क हसायला लागली. "अरे मेल्या! चार महिने मी या हाताला शिव्या घालतेय! रोज रडून घेतलं मी. आधी का नाही सांगितलंस?"

"आजच कळलं. खरंच माफ करा."

"रागावणार आहे मी, पण नंतर," ती म्हणाली. "आत्ता फार हलकं वाटतंय."

गुरुवारी ती घाट उतरली. गोरक्ष स्वतः मागून दुसऱ्या सायकलवर होता. पहिल्या वळणावर ती अडखळली, ब्रेक दाबून क्षणभर थांबली. मग चाक दगडावरून उतरलं, फोर्क शांतपणे दबला आणि वर आला. पुढे ती थांबलीच नाही. खालच्या वाडीत बायका लेकरं घेऊन ओसरीवर बसलेल्या होत्या. पहिल्याच बाळाने सुई पाहताच असं भोकाड पसरलं की कोंबड्या पळाल्या. वैजयंताने एका हाताने त्याचा पाय धरला, दुसऱ्याने लस दिली. गोरक्ष तिच्या बोटांकडे पाहत होता. ती जराही थरथरली नाहीत, आणि तो आकडा वाचल्यापासून पहिल्यांदाच त्याने मोकळा श्वास घेतला.

घाबरलेल्या माणसाला धीराच्या गोष्टी सांगण्याआधी, त्याच्या पडण्यात आपला वाटा किती होता, एवढं एकदा पाहून घ्यावं.