खाणीतली पहिली फेरी

"आणि मधोमध जाऊन बंद पडली तर?"

हैबती वस्तादांनी विचारलं. बोटीकडं बघून नाही हां. तळहातावरच्या तंबाखूकडं बघून.

प्रज्योत हसला. अडाणी माणसानं काहीतरी विचारलं की इंजिनियर लोक हसतात ना, तसा. तसा तो इंजिनियर नव्हताच अजून. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि पहिल्या वर्षाचे दोन विषय शेपटीसारखे मागं लोंबत होते.

"बंद पडत नसती ती, वस्ताद."

"बरं."

"म्हणजे पडायला कारणच नाही."

"बरं… पण पडली तर?"

मागं उभा असलेला इर्शाद फिस्सकन हसला. इर्शाद म्हणजे प्रज्योतचा दोस्त. त्याच्याकडं काम एकच, शूटिंग करायचं. कॉलेजच्या ग्रुपवर कालच सांगून झालं होतं, उद्या दहा वाजता खाणीवर पहिली फेरी, बघा आणि जळा.

बोट हातभर लांब. लालभडक. रिमोटवर पळणारी स्पीडबोट. महिनाभर प्रज्योतनं तिच्यापायी जेवणखाण सोडलं होतं. मोटरीपासून पंख्याकडं जाणाऱ्या दांड्याला ग्रीस भरलं. झाकणाला कडेनं टेप मारली. बॅटरी बोटभर पुढं, बोटभर मागं सरकवत बसला, बोटीचं नाक वर राहावं म्हणून. न्हाणीतल्या पिंपात तिला तीनदा पोहवली, आणि बाप बाहेर टॉवेल गुंडाळून ठणाणा करत राहिला.

एवढं सगळं करून आज तो वस्तादांकडं आला होता. बोट पाण्यात सोडायची ती गुरूच्या हातानं.

गुरू म्हणजे खरोखरचे गुरू. पाठीला पत्र्याचा डबा बांधून, विहिरीच्या काठावरनं ढकलून वस्तादांनी अर्धा गाव पोहायला शिकवला होता. प्रज्योत त्यातलाच. सातव्या वर्षी ढकलला, तेव्हा जे पाणी प्यायला ते अजून नाकात आहे म्हणतो.

वस्तादांचं दुसरं पण एक काम होतं. ते कुणी शिकायला येत नसे.

खाणीत कोण बुडालं की पोलीस आधी वस्तादांच्या दारात जायचे आणि मग ॲम्ब्युलन्सला फोन लावायचे. ॲम्ब्युलन्सला घाई नसायचीच. वस्ताद बुडी मारायचे, शोधायचे आणि वर आणायचे. आतापर्यंत अकरा जण आणले होते. अकरावा आणला त्या दिवसापासनं ते खाणीच्या उतारावर येऊन बसायला लागले. कुणी नेमलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी यायचे, एका धोंड्यावर बसायचे, सांजेला जायचे. पोरं त्यांना खाणीचा वॉचमन म्हणायची. पाठीमागं म्हणायची, अर्थात.

"पडली तरी बुडणार नाही," प्रज्योत म्हणाला. "आत सगळं थर्माकोल ठासून भरलंय. उलटी झाली तरी तरंगत राहणार."

वस्तादांनी तंबाखू ओठाखाली सारली.

"लई शहाणा हायेस."

प्रज्योतला वाटलं, शाबासकी मिळाली.

इर्शादनं पिशवीतनं नारळ काढला, हळदकुंकू काढलं, दोन लिंबं काढली आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"लिंबं कुठं ठेवायची रे? हिला चाकंच नाहीत."

"पंख्याखाली ठेव."

"पंखा तुटला म्हणजे?"

"मग तू खा लिंबं!"

प्रज्योतनं नारळ वस्तादांपुढं धरला. "तुम्ही फोडा, वस्ताद."

"नगं."

"गुरूच्या हातानं…"

"हितं मी नारळ फोडतो तो मागनं फोडतो," वस्ताद म्हणाले. "माणूस वर आल्यावर. तुझा तू फोड."

इर्शादचं हसू जरा आखडलं. प्रज्योतनं मात्र नारळ धोंड्यावर आपटला, पाणी बोटीवर शिंपडलं, आणि झालं.

आता खाण कशी ते सांगायला पाहिजे. दगड काढून काढून केलेला मोठा खड्डा. काम बंद पडलं, झरे फुटले, खड्डा भरला. तिन्ही बाजूंनी भिंतीसारखे कडे. चौथ्या बाजूला डंपर उतरायचा रस्ता, तोच तसाच पाण्यात शिरलेला. पाण्याखाली पण तो पंधरावीस पावलं जातो. मग तुटतो. तुटल्यावर पुढं काय आहे, ते वस्तादांना माहीत आणि त्या अकरा जणांना.

प्रज्योतनं आधी रिमोट चालू केला, मग बोट. उलटं केलं तर बोट येड्यासारखी सुटते म्हणे. गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन त्यानं तिला अलगद सोडली, काठावर परत आला, आणि रिमोटचा खटका ओढला.

अरे, काय पळाली!

नाक वर करून, मागं पाण्याचा पिसारा काढत, कड्यापर्यंत गेली, वळली, आली, परत गेली. भिंतींवर आवाज आपटून परत येत होता. पारवे उडाले. इर्शाद नुसता "भावा! भावा!" करत होता. प्रज्योतच्या अंगावर काटा आला. महिनाभर जे डोक्यात पळत होतं ते आता डोळ्यांसमोर पळत होतं.

त्यानं वस्तादांकडं बघितलं. वस्तादांनी बघावं, एवढंच पाहिजे होतं त्याला.

वस्ताद बोटीकडं बघत नव्हते. पाण्याकडं बघत होते.

मग आवाज बदलला. मोटर किंचाळली आणि गप झाली.

बोट मधोमध थांबली.

प्रज्योतनं खटका ओढला. काही नाही. सोडला, परत ओढला. काही नाही. इर्शादनं कॅमेरा झूम केला आणि म्हणाला, "आयला, कॅरीबॅग गुंडाळलीय. निर्माल्याची. झेंडूचा हार पण हाय बघ."

महिनाभर बघितलेल्या फॉरेनच्या व्हिडिओंतली तळी सगळी काचेसारखी होती. तिथल्या लोकांचे देव घरातच शिळी फुलं ठेवत असणार.

बोट तिथंच डुलत राहिली. लालभडक. सत्तर-ऐंशी पावलांवर. थर्माकोल इमानदारीत काम करत होतं.

"वाऱ्यानं येईल," प्रज्योत म्हणाला.

वारा नव्हता.

अर्धा तास गेला. ऊन डोक्यावर यायला लागलं. ग्रुपवर पोरं विचारायला लागली, काय झालं, कुठाय व्हिडिओ, बुडली काय.

"कितीसं लांब हाय?" इर्शाद म्हणाला. "तू तर विहिरीत दहा फेऱ्या मारतोस. जाऊन ये की. पाच मिन्टाचं काम."

प्रज्योतनं शर्टाला हात घातला.

"थर्माकोल कशापायी भरलंस?" वस्तादांनी विचारलं.

"सांगितलं की. बुडू नये म्हणून."

"बुडली असती तर घरी गेला असतास."

प्रज्योतला ते लागलं. मग त्याचं डोकं तापलं. "वस्ताद, पोहायला तुम्हीच शिकवलंय ना मला?"

"व्हय."

"कच्चं शिकवलंय काय?"

"न्हाई. चांगलं शिकवलंय."

"मग?"

वस्तादांनी तंबाखू थुंकली.

"त्या अकरातली चार मीच शिकवलेली."

इर्शादनं मोबाईल खाली घेतला.

प्रज्योतनं ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. पण समोर बोट डुलत होती आणि इर्शाद बघत होता. माघार घ्यायची तर आता कुणीतरी हाताला धरून मागं ओढायला पाहिजे होतं. वस्ताद ओढतील, असं त्याला वाटत होतं. शिव्या देतील, कानाखाली जाळ काढतील. मग तो चिडेल, हात झटकेल, आणि झटकता झटकता थांबेल. इज्जत पण राहील.

त्यानं शर्ट काढून टाकला. पँट काढली. घड्याळ काढलं, मोबाईल काढला, सगळा ढीग चपलांवर फेकला. मुद्दाम सावकाश.

वस्ताद जागचे हलले नाहीत.

मग तो पाण्यात शिरला. वरचं पाणी कोमट, घोट्याखालचं थंडगार. गुडघा झाला. मांड्या झाल्या. त्यानं मागं वळून बघितलं.

वस्ताद उठले होते. पण त्याच्याकडं येत नव्हते. ढिगापाशी उकिडवे बसले होते.

त्यांनी शर्ट उचलला. झटकला. बाह्या मागं घेतल्या, कॉलर सरळ केली, कापडाच्या दुकानातला माणूस घालतो तशी घडी घातली. पँटची घडी. चपला शेजारी शेजारी लावल्या. एका चपलेत घड्याळ ठेवलं. मोबाईल शर्टाच्या घडीवर, मधोमध.

कुठं काय ठेवायचं हे शोधायला त्यांचा हात एकदा पण अडखळला नाही.

"काय करताय, वस्ताद?"

"वय किती तुझं?"

"एकोणीस. का?"

"अंगावर खूण?"

"डाव्या खांद्यावर तीळ…" प्रज्योत बोलून गेला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, हे कुठल्या कागदावर लिहितात.

"हाय म्हण की," वस्ताद पुटपुटले. स्वतःशीच. "चेहऱ्याचा भरवसा नसतो."

"प्रज्या, ये बाहेर," इर्शाद म्हणाला. आवाज पार बारीक झाला होता. "मरू दे ती बोट. ये ना भावा."

प्रज्योत तसाच उभा. पाणी कमरेला लागलं होतं. बोट आता जवळ दिसत होती, हात लांब केला तर मिळेल एवढी. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. पायाखाली खडी होती. आणखी अर्धं टाकलं, तर अंगठ्याखाली काहीच नव्हतं.

रस्ता तिथं तुटत होता.

त्यानं अंगठा मागं घेतला नाही. पुढं पण टाकला नाही.

आणि काठावर मोबाईल वाजायला लागला. थरथरत शर्टाच्या घडीवरनं खाली सरकायला लागला.

इर्शादनं वाकून बघितलं. "तुझी आई हाय," तो म्हणाला, आणि दोन पावलं मागं सरला. हात लावायची त्याची छाती झाली नाही.

फोन वाजत राहिला. तिन्ही कड्यांवर आपटून परत येत राहिला.

वस्तादांनी दोन्ही हात धोतराला पुसले. फोन उचलून तळहातावर धरला. लगेच कानाला लावला नाही. पाण्यात उभ्या असलेल्या प्रज्योतकडं बघितलं, सकाळपासनं पहिल्यांदाच सरळ बघितलं…

"जा तू," ते म्हणाले. "हा फोन दरवेळी मीच उचलतो."