मूठमाळ

मूठमाळ अजून जागेवर आहे तो माझ्यामुळे. मी इथे बसत नसतो, तर केव्हाच कुणीतरी गुंडाळून काखेत मारून नेला असता! आता बसतो म्हणजे काय, तर सकाळी फरशी पुसायच्या वेळी बायको मला खुर्चीसकट घराबाहेर काढते. मग मी माळाच्या कडेला, माझ्या कढीपत्त्याच्या सावलीत खुर्ची टाकतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची टर उडवतो. राखण ती एवढीच. पण बसतो हे खरं.

तुम्ही माळ पाहिला नसेल. भर शहरात चारी अंगांनी इमारती दाटल्यात आणि मधे हा ऐसपैस हिरवा माळ. कुंपण नाही, फाटक नाही, तिकीट नाही. सकाळी वकील लोक पोट कमी करायला पळतात. पोटही त्यांच्याबरोबर पळतं. दुपारी शेळ्या, सकाळ-संध्याकाळ क्रिकेट. आणि एवढ्या थोरल्या माळाला नाव काय, तर मूठमाळ!

परवा आमच्या आळीतली केतकी तान्हं बाळ घेऊन माहेरी आली, तशी रिवाजाप्रमाणे माळावर आली. सोबत नवरा, निरंजनराव. जमिनीच्या मोजणीचं काम करतात. कमरेवर हात ठेवून माळाकडे असे बघत होते, जसा मी सासुरवाडीहून आलेल्या लाडवांच्या डब्याकडे बघतो.

"एवढी जागा मोकळीच? कुणी बांधलं कसं नाही हो आजोबा?"

"जावईबापू, आधी तुमची पँट सोडवा त्या तारेतून. कढीपत्त्याला लावलीय. शेळ्या फार खातात. हां, आता बसा आणि ऐका."

फार पूर्वी, म्हणे, इथे सुभानराव नावाचे जहागीरदार होते. माणूस दिलदार, पण डोळा वाईट. चांगलं दिसलं की हवंच. त्यांना हा माळ हवा झाला. कारंजी, हौद, हत्तीखाना असा थाट मनात. अडचण एकच. त्यांच्या आजोबांनी माळावरच्या देवीपुढे, माळाईपुढे, बेल-भंडार उचलून शपथ घेतली होती, की या माळाचे धनी सगळे गावकरी. सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय आमच्या वंशातला कुणी इथे कुंपण घालणार नाही. शपथ मोडायला सुभानराव भीत होते. मग त्यांनी गावजेवण घातलं. बुंदीचे लाडू! लाडू वाढायचा आणि विचारायचं, "माळ देता ना?" आमचे लोक कसे ते मी काय सांगू. तोंडात लाडू असला की मान आपोआप खाली-वर होते. माझे खापरपणजोबा तर दोनदा हो म्हणाले असं सांगतात. दुसऱ्यांदा नुसत्या लाडवासाठी.

पंगतीच्या शेवटी होती सगुणा, बांगड्या भरणाऱ्या कासाराची सून. दिवस भरत आलेले. नवऱ्याचं सगळं पोट जहागीरदारांच्या वाड्यातल्या बायकांच्या हातांवर. तिथली बांगडी बंद झाली तर चूल बंद. नवरा डोळे वटारून खुणावत होता, हो म्हण. पण तिने लाडू पानाबाहेर ठेवला.

"सरकार, माझं हो घ्या. पण मी एकटी नाही. आतल्याचं मी कसं सांगू? तो आला की त्यालाच विचारा."

सुभानराव खो खो हसले. "विचारू की! तान्हं पोर काय नाही म्हणणार?"

बाळ जन्मलं. सारं गाव माळावर लोटलं. सगुणेने ते गवतावर ठेवलं, जहागीरदार वाकले, मिशा बाळाच्या तोंडाशी आल्या. "काय रे, देतोस का माळ?" बाळाने असा टाहो फोडला, की माळाईच्या झाडावरचे सगळे कावळे उडाले! गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "नाही म्हणाला!" आणि लाडू खाऊन गप्प बसलेलं गाव पोट धरून हसलं. त्या हसण्याने भीती गेली. सुभानराव म्हणाले, बरं, पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही तेच. एक धनी नाही म्हणतोय, तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात नवा धनी तयार. गावात पोरांना काय तोटा!

अशी वर्षं गेली. मग वाड्यातच पाळणा हलला. नात झाली. सुभानरावांना वाटलं, आपलं रक्त आहे, ही नाही म्हणायची नाही. स्वतः तिला गवतावर ठेवलं आणि विचारलं. पोर रडेना. पोर हसली! "हसली! दिला माळ!" म्हणत आजोबा तिला उचलायला गेले, तर ती उठेना. इवल्या मुठीत गवत धरलेलं. गवत तुटेना, मूठ सुटेना. दाईने सोडवून पाहिलं, पैलवानांनी हात लावला. सारा माळ गदगदा हलला म्हणे, पण मूठ हलली नाही. शेवटी सुभानरावांनी पागोटं काढलं, नातीशेजारी गवतात फतकल मारली आणि म्हणाले, "नाही घेत, बायो. तुझाच आहे." तशी मूठ उघडली.

आजही या शहरात मूल झालं की आधी मूठमाळावर आणतात, गवतावर ठेवतात आणि घरातल्या बाप्याने विचारायचं असतं. मूल रडलं नाही, तर हळूच चिमटा काढायचा मान माझा. केतकीलाही मीच काढला होता.

"चला जावईबापू, विचारा!"

केतकीने बाळाला ठेवलं. पळणारे वकील थांबले, क्रिकेटवाल्यांनी बॅटी टाकल्या. निरंजनराव लाजत वाकले. "देतोस का रे माळ?" बाळ टकामका बघतंय. माझी बोटं शिवशिवली, पुढे सरकली. पण चिमट्याआधी त्याने नुसतं माझं तोंड पाहिलं आणि असा भोंगा लावला!

"नाही म्हणाला!" सगळा माळ ओरडला. वकिलांनी तर उड्या मारल्या.

"झाली मोजणी?" मी जावयाला डोळा मारला. "या माळातलं बोटभरही कुणाला मिळायचं नाही. मी बसलोय इथे!"

निरंजनरावांनी पोराला खांद्यावर घेतलं, पँटला पडलेलं भोक बोटाने चाचपलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "आजोबा, तुमच्या कढीपत्त्याचं हे कुंपण पूर्णच माळात येतंय. ते कुठल्या बाळाला विचारून घातलंत?"