दोरकऱ्यांची गल्ली

कुणाच्या खापरपणजोबालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी एका डोंगरी राज्यात एक शहर होतं. शहराच्या तटाबाहेर दोर वळणाऱ्यांची गल्ली होती. दोनशे पावलं लांब, सरळ. दोन्ही बाजूंना गवताच्या झोपड्या. पावसाळ्यात आत बसायलाही इरलं लागे. जमीन सरकारची, म्हणजे आज पायाखाली आहे, उद्या असेलच असं नाही.

दोर कसा वळतात ठाऊक आहे का? एका टोकाला खुंट असतो. त्याला अंबाडीचे धागे बांधायचे आणि पीळ देत देत उलटं चालायचं. जितकी वाट लांब, तितका दोर लांब. त्यावरून शहरातले लोक दोरकऱ्यांना उलट्या पावलांची भुतं म्हणून चिडवत. चिडवत, आणि त्यांच्याच दोराने विहिरीचं पाणी काढत.

गल्लीचा एक नियम होता. वळायला घेतलेला दोर कुणी ओलांडायचा नाही आणि त्याच्याखालून वाकूनही जायचं नाही. धक्का लागला, की तिथला पीळ सैल पडतो. ते डोळ्यांना दिसत नाही, पण पुढे त्या दोराला माणूस लटकला, की तो नेमका तिथेच तुटतो. म्हणून समोरच्या घरात चिमूटभर मीठ मागायला जायचं तरी लोक गल्लीच्या टोकाला वळसा घालत.

या गल्लीत चिमाआत्या राहायची. नवरा देवाघरी गेलेला, मूलबाळ नाही, जीभ मात्र दोघांना पुरेल एवढी. तिच्याइतका घट्ट दोर कुणाला वळता येत नसे. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला आत्याच म्हणत.

त्या शहरात एक म्हातारे शेठजी वारले. जाताना अर्धी संपत्ती त्यांनी गोरगरिबांच्या घरांसाठी ठेवली. तिची दानकोठी झाली, आणि कोठीवर एक कारभारी नेमला गेला. कारभारी वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याला नीटनेटकेपणाचं वेड होतं, आणि कुणाला काही विचारायची सवय नव्हती.

एके दिवशी तो गवंडी घेऊन गल्लीत आला. खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या. "चार चौक होतील," तो म्हणाला. "प्रत्येक चौकात तुळशीवृंदावन, भोवती पक्की कौलारू घरं. जमीन सरकारने कोठीला दिलीय, ती कोठीच्याच नावावर राहील, नाहीतर तुम्ही विकून खाल. आणि मधल्या चौकात माझ्या नावाचा दगड."

सुतळ्या गल्लीला जागोजागी आडव्या कापत होत्या. चिमाआत्याने त्या पाहिल्या आणि विचारलं, "मग दोर कुठं वळायचा?"

"चौकात वळा की!" कारभारी हसला. "नाहीतर आता उलटं चालणं सोडा. महिनाअखेर झोपड्या मोडायच्या आहेत. ज्याला घर नको त्याने खुशाल चालू लागावं. कोतवालाला सांगून ठेवलंय."

तो गेल्यावर आत्याचा भाऊ नारबा तिच्याकडे आला. त्याची बायको बाळंतीण होती. वीस दिवसांचं लेकरू, आणि अवकाळी पावसात पाळण्यावर पाणी गळत होतं.

"अक्का, तू आता तोंड उघडू नकोस," तो म्हणाला. "डोक्यावर छप्पर येतंय. दोर वळणं गेलं तर गेलं."

आत्याला भाच्याचा पाळणा दिसत होता. तिला राग आला नाही. ती म्हणाली, "बरं. एवढा एक दोर त्या चौकात वळून दाखव, मग मी गप बसते."

नारबाने सुतळ्यांच्या आत खुंट रोवला, धागे बांधले आणि पीळ देत मागे सरकू लागला. विसाव्या पावलाला त्याची पाठ सुतळीला टेकली. हातात आलेला दोर त्याने उलटसुलट करून पाहिला. एखादी शेळी बांधता आली असती, एवढाच तो होता.

"हा विकून लेकराला काय घालशील?" आत्याने विचारलं. "कोरड्या घरात उपाशी ठेवशील? आणि भांडलास तर कोठी बाहेर काढेल, जमीन तिचीच."

 नारबाने खुंट उपटला आणि गल्लीच्या टोकाला नेऊन रोवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी नारळ फोडायला आला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेइतक्या उंचीवर दोर ताणलेला. टोक चिमाआत्याच्या हातात होतं. आडव्या भिंतींचा पाया खणायचा, तर दोर ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"बाई, बाजूला व्हा."

"दोर चालू आहे, मालक."

"संपणार कधी?"

"लांब आहे."

कारभाऱ्याने गवंड्यांना हाक दिली, "ओलांडा रे तो!" एकही गवंडी हलला नाही. त्यांच्यातला म्हातारा पुढे झाला. "मालक, उद्या मी परांचीवर चढणार, ती याच दोराने बांधलेली असणार. आम्ही नाही ओलांडत."

त्या दिवशी नारळ फुटला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गल्लीने पाळ्या लावल्या. झालेला दोर खुंटाला गुंडाळायचा, नवे धागे जोडायचे, पुन्हा उलटं चालायचं. संध्याकाळी टोक बांधून ठेवत, पण दोर ताणलेलाच राही. नारबाची बाळंतीण उंबऱ्यात बसून अंबाडी सोलून देई.

सहाव्या दिवशी कारभाऱ्याचा पारा चढला. "फुकट मिळतंय ते घ्यायचं सोडून अटी घालता? भीक मागणाऱ्याला एवढा तोरा?"

चिमाआत्याचे हात थांबले नाहीत. आवाज मात्र गल्लीभर गेला.

"भीक कुणी मागितली? चाळीस वर्षं शेठजींच्या बैलांवरचं ओझं आमच्या दोरांनी बांधलेलं होतं. त्यातलं एक पोतं कधी वाटेत सुटून पडलं नाही. ती संपत्ती आमच्याही हातांची आहे. तुम्ही कोठीची किल्ली सांभाळता, कोठी तुमची नव्हे. आणि काय हो, गेल्या साली कुंभारांना घरं दिलीत ना? जाऊन बघा, तिथं कोण राहतंय ते."

कारभाऱ्याने म्हाताऱ्या गवंड्याकडे पाहिलं. ती घरं त्यानेच बांधली होती. त्याने मान खाली घातली.

कारभारी एकटाच कुंभारांच्या चौकात गेला. घरं जशीच्या तशी होती, सुरेख, एका ओळीत. भट्टी लावायला हातभर जागा नव्हती, म्हणून कुंभार कधीच नदीपलीकडे निघून गेले होते. ओसरीवर शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. वृंदावनातल्या तुळशीचा बुंधा तेवढा उरला होता, आणि कारभाऱ्याच्या नावाच्या दगडावर कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या.  त्याला लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही, एवढं त्याच्याबद्दल चांगलं बोललं पाहिजे.

आठव्या दिवशी तो गल्लीत आला. दोर ताणलेलाच होता. चिमाआत्या पलीकडच्या बाजूला होती. सगळी गल्ली दारात येऊन पाहत होती. कारभारी दोरापर्यंत आला, थांबला, आणि उन्हातान्हात पार टोकापर्यंत चालत जाऊन, वळसा घालून तिच्यासमोर उभा राहिला.

"सांगा, आत्या," तो म्हणाला. "भिंत कुठं घालू?"

"गल्लीच्या दोन्ही अंगांना. मधली वाट मोकळी. ज्याची चूल, त्याच्या नावावर खालची जमीन. आणि पुढं जिथं घरं बांधाल, तिथला माणूस कोठीच्या बैठकीत तुमच्या शेजारी बसेल. मागं नाही, शेजारी."

"आणि माझा दगड?"

"आणा. दगड आम्हाला लागतोच."

तेव्हा कुठे आत्याने दोराला शेवटची गाठ मारली. आठ दिवस वळलेला तो दोर वाया गेला नाही. त्याच दोराने घरांची परांची बांधली. पुढच्या पावसाळ्यात नारबाच्या पाळण्यावर थेंबही पडला नाही, आणि दारासमोर दोनशे पावलांची वाट तशीच होती. कुंभारांनाही त्या साली निरोप गेला. त्यांनी आधी भट्टीची जागा आखली, मग घराची.

कारभाऱ्याच्या नावाचा दगड गल्लीच्या टोकाला उभा रोवला. खुंट उन्हापावसाने कुजतो, दगड कुजत नाही. म्हणून दोराचं टोक त्यालाच बांधू लागले. दोर घासून घासून त्यावरचं नाव पुसट झालं, आणि मग गेलं. घरं मात्र दोरकऱ्यांच्या नातवंडांच्या नावावर उभी राहिली.

तात्पर्य: ज्याच्या डोक्यावर छप्पर घालायचं त्याला आधी विचारावं, आणि न विचारता घातलेल्या छपराखाली कुणी मान वाकवून शिरू नये.