सरदाराची एकुलती बंदूक

फार फार पूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात एक सरदार राहत होता. त्याला बंदुका जमवण्याचा नाद होता. साध्यासुध्या नव्हेत, दबा धरून बसलेल्या नेमबाजाने दूरचा एकच माणूस टिपावा, अशा लांब पल्ल्याच्या. त्यातही राजाच्या कारखान्यात केवळ चाचणीसाठी घडवलेल्या, ज्यांची जोड पुढे कधी झालीच नाही, अशाच त्याला हव्या असत.

पाहुणा आला की सरदार त्याला दालनात नेई. एक बंदूक पुरुषभर उंच होती, एकीच्या नळीवर लांबचे दिसावे म्हणून भिंग बसवले होते, एक तीन पायांवर उभी राही. “अशी दुसरी नाही,” एवढेच सांगून तो पुढच्या बंदुकीकडे वळे.

एकदा त्याच्या कानी आले, की कारखान्यातला एक जुना कारागीर वारला आणि त्याने घडवलेली एक बंदूक अजून त्याच्या घरी माळ्यावर आहे. सरदार स्वतः गेला. कारागिराच्या बायकोने ती द्यायला नकार दिला. नवऱ्याने बंदूक वितळवून टाकायला सांगितले होते. पण त्याच्या हातचे तेवढेच उरले होते, म्हणून तिचे मन धजत नव्हते.

सरदाराने विचारले, “अशी दुसरी आहे का?”

“नाही,” ती म्हणाली.

तेवढे त्याला पुरले. कारखान्याचे लोखंड ते राजाचे, असे म्हणून त्याने बंदूक उचलायला लावली. बाई काहीतरी सांगत अंगणापर्यंत मागे आली, पण तोवर त्याने घोडा वळवला होता.

सरदाराच्या पदरी येसबा नावाचा नेमबाज होता. दोघे एकाच गावात वाढले होते, आणि एका लढाईत घायाळ सरदाराला येसबानेच पाठीवर घालून आणले होते. शस्त्रपूजेच्या दिवशी राजा आला, तेव्हा सरदाराने नवी बंदूक येसबाच्या हाती दिली. समोरच्या टेकडीवर मडके ठेवले होते. नुसत्या डोळ्यांना ते जेमतेम दिसत होते. येसबाने बार उडवला आणि मडके फुटले. राजा आसनावरून उठून उभा राहिला.

पुन्हा एकदा, असे सरदाराने खुणावले. येसबाने नळीला हात लावून पाहिला.

“धनी, एका बाराला नळी एवढी तापत नाही. निवू द्या जरा.”

सरदाराला ते कळत होते. पण राजाची नजर त्याच्यावर होती, आणि असा क्षण पुन्हा येईल असे त्याला वाटेना.

“महाराज थांबलेत, येसबा,” तो म्हणाला.

येसबाने बार भरला. या वेळी नळी मागच्या बाजूने फुटली. येसबाचा उजवा डोळा गेला.

सरदार तसाच त्या बाईच्या दारी गेला आणि तिने आधी का सांगितले नाही, म्हणून रागाने बोलला. बाईने त्याला पूर्ण बोलू दिले.

मग ती म्हणाली, “दुसरी आहे का, एवढंच तुम्ही विचारलंत. दुसरी का नाही, ते सांगत मी अंगणापर्यंत आले होते. पहिल्याच बाराला नळी तापली, तेव्हा ह्यांनी काम थांबवलं. पुढचा बार कुणाच्या तरी जिवावर बेतेल, म्हणाले.”

सरदार घरी परतला. त्याने इतर बंदुकांच्या कारागिरांकडे चौकशी केली. एकीच्या धक्क्याने नेमबाजाचा खांदा निखळला होता. एक डावीकडे मारी, आणि तिने आपलाच माणूस पाडला होता. ज्यांच्यापुढे तो पाहुण्यांना उभे करी, त्या बहुतेक बंदुका घडवणाऱ्यांनीच टाकून दिलेल्या होत्या. त्याने त्या सगळ्या भट्टीत घालायला लावल्या.

डोळा गेल्यावर येसबा गावी परतला होता. नंतर सरदार त्याला आणायला तिथे गेला. येसबाने घोंगडी अंथरली, पाणी दिले, पिकापाण्याचे बोलला. परत यायला मात्र नाही म्हणाला, आणि सरदाराला पुन्हा विचारता आले नाही.

तात्पर्य : एखादी वस्तू एकच का राहिली, हे जाणून घेतल्याशिवाय तिचा अभिमान धरू नये.