साहेबांचं ताट

“दुसऱ्याच्या ताटात डोकावणं शोभतं का, आक्का? तुम्हीच सांगा!”

मुख्याधिकारी व्यंकट वट्टमवार तावातावाने बोलत होते. नगरपालिकेच्या दारात सगळ्यांचे पगार लिहून लावा, असा गावाने धोशा लावला होता. कर आमचा, मग पगारही आम्हाला कळू द्या! साहेबांच्या अंगाची नुसती लाही लाही झाली होती. पगार ही काय चव्हाट्यावर मांडायची गोष्ट आहे?

मठातल्या गंगाक्कांचा शब्द गाव खाली पडू देत नसे. त्या ‘नको’ म्हणाल्या की विषय संपला. वट्टमवार त्यांचे जुने शिष्य. ते ‘नको’ घेऊनच परत जायचं, असं ठरवून आले होते.



आक्कांनी आमटीची बादली साहेबांच्या हातात दिली.

“पंगत बसलीय. वाढ.”

साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि झकास वाढलं. कुणाची आमटी संपलीय, ते लांबूनच हेरायचे. “घ्या हो, लाजू नका!”

मठातला शिधा गावाचा. म्हणून तिथली रीत अशी, की वाढणाऱ्यांनी मागाहून, गावासमोर जेवायचं.

साहेबांची पाळी आली. एवढ्या लोकांदेखत जेवायचा त्यांना भलताच संकोच वाटला. ताट घेऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले.

झालं! मागे कुजबुज सुरू झाली.

“साहेबांना बासुंदी वाढली वाटतं.”

“बासुंदी? आज केलीय कुठे?”

“म्हणून तर लपवतायत!”

 साहेबांच्या ताटात होता भात आणि आमटी! चिडून ते ताटासकट गर्रकन वळले.

“बघा! बघून घ्या एकदाचं!”

लोकांनी बघितलं... कुजबुज थांबली.

समोरच्या म्हातारीने मात्र कपाळावर हात मारला. “अगं बाई! वाढून वाढून लेकरू दमलं, अन् त्याला भाकरीच नाही दिली कुणी!”

भाकरी आली. पाठोपाठ ठेचाही आला.

साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग हळूच म्हणाले, “पण आक्का... लोकांनी असं ताटात डोकावायचं म्हणजे...”

आक्कांनी त्यांच्या भाकरीवर तुपाची धार धरली.

“आमटी वाढताना तू कुठे बघत होतास रे, व्यंकट?”